कुलूप दिसणारी रांगोळी

गल्लीतल्या रांगोळ्यांच्या फोटोंसाठी माझ्या लेकीने, मुक्ताने, कॉलेज सांभाळून एक वेबसाइट केली आहे. परवा ती चाळताना सुमनकाकूंच्या रांगोळीपाशी मी थांबले. काकू पहाटे रांगोळी घालून गावाला गेल्या होत्या. फोटोत रांगोळीच्या मागे दाराचं कुलूप स्वच्छ दिसत होतं. खाली काकूंचं नाव, गल्लीचं नाव.

"मुक्ता, काकूंचं घर बंद आहे हे तू जगाला सांगितलंयस."

"आई, वेबसाइटच्या नियमांत लिहिलंय ना, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही."

"मग कोण, रांगोळी?"

तिने तो फोटो वेबसाइटवरून काढून टाकला.

रांगोळी दुसऱ्या सकाळी पुसली जाते, म्हणून आपण ती बिनधास्त दारात घालतो. जे पुसलं जाणार नाही, ते मांडण्याआधी विचारावं, एवढं साधं आहे हे.

काल काकू परतल्या. घर जसंच्या तसं होतं, माझा जीव भांड्यात पडला. मुक्ताने सगळं सांगून माफी मागितली आणि नवा नियम वाचून दाखवला: विचारल्याशिवाय फोटो लावणार नाही, घराचं दार दाखवणार नाही.

"मग विचार की," काकू म्हणाल्या.

"लावू का, काकू?"

"उद्याची लाव. त्या दिवशी गाडीच्या घाईत माझे ठिपके चुकले होते."