पाटीवरच्या दोन बहिणी

आदिलाबादला मी टायपिंग शिकवायचे तेव्हा कचेऱ्यांचं सगळं काम तेलुगूत नाहीतर इंग्रजीत चाले. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये देवनागरीचं एकच मशीन होतं, तेही हिंदीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आणलेलं. त्यावर ळ नव्हता. मराठी मजकूर आला की मी ल मारायचे आणि नंतर पेनानं त्याचा ळ करायचे.

एका दुपारी कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे सर आले. हात थरथरायचा म्हणून त्यांना लिहिता येत नव्हतं. बगलेत एक इंग्रजी पुस्तक होतं.

"मी मराठीत सांगत जाईन, तू थेट मशीनवर घे. जमंल?"

"किती पानं सर?"

"अडीचशे. जपानातल्या एका बाईची कादंबरी आहे."

दुपारी एक ते तीन विद्यार्थी नसत. त्या वेळेत आम्ही बसू लागलो. सर एक वाक्य इंग्रजीत मनाशी वाचत, डोळे मिटत, मग मराठीत सांगत. मधे थांबले की त्या बाईंबद्दल बोलत. पुस्तकाच्या प्रस्तावनेत होतं तेवढंच त्यांना माहीत होतं, पण मला ते कादंबरीहून नवलाचं वाटायचं. बाई एका बंदराच्या गावात टेलिफोन ऑपरेटर होत्या. दोन कॉलच्या मधल्या वेळात, वापरून झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायच्या. चाळिशी उलटल्यावर पहिली कादंबरी आली, टेलिफोन जोडून देणाऱ्या एका बाईचीच. दुसरी आली वडलांवर, ते नावाडी होते. दोन्ही पुस्तकं गाजली. मोठ्या शहरातून बोलावणी आली. बाईंनी ना गाव सोडलं, ना नोकरी. आणि मग नऊ वर्षं एक ओळ छापली नाही. त्यानंतर आलं ते हे पुस्तक.

मीही दिवसभर दुसऱ्यांचेच शब्द बडवत होते. असल्या कामातून कोणी असं काही करू शकतं, हे मला खरंच वाटेना.

कादंबरीत दोन बहिणी होत्या. एका घरात, एका स्वयंपाकघरात राहायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. भिंतीवर एक पाटी टांगलेली. धाकटी लिहायची, "मीठ संपलं." थोरली पुसायची आणि मीठ आणायची.

हे टाइप करताना माझे हात थांबले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, हे आमच्या घरचं आहे."

वांकिडीला आमच्या घरी माझी आई आणि माझी मोठीआई, म्हणजे थोरल्या काकांची बायको, एकाच अंगणात राहत होत्या. माझ्या भावाच्या लग्नात नवरीला आधी कोणी ओवाळायचं यावरून दोघींचं बिनसलं, ते बिनसलंच. पाटी नव्हती एवढंच. पाटीचं काम मी करायचे. "सांग तुह्या मायले, दूध उतू चाललं," असं मोठीआई म्हणायची, आणि आई तिथंच चुलीपाशी बसलेली असायची.

सर म्हणाले, "कार्बन लावून एक प्रत जास्त काढ. घरी ने."

शनिवारच्या बसनं मी झालेली पानं न्यायला लागले. संध्याकाळी अंगणात बसून आईला वाचून दाखवायचे. मोठीआई आपल्या दारात तूर निवडत असायची, पाठ आमच्याकडे. तिसऱ्या शनिवारी मी आवाज जरा खाली आणला तर ती न वळता बोलली, "जोरानं वाच नं माय. इथं ऐकू नाही येऊन राह्यलं."

पुढं गोष्ट अशी होती. एका हिवाळ्यात धाकटी पाटीवर लिहिते, "मी चुकले." संध्याकाळी पाहते तर पाटी कोरी. थोरलीनं पुसली, उत्तर नाही. धाकटी पुन्हा लिहिते, पुन्हा कोरी. दोन वर्षं असं चालतं. धाकटीचं मन कडू होत जातं. मग थोरली पायरीवरून पडते, आणि डॉक्टर सांगतो की यांना दोन वर्षांपासून दिसतच नाही. ती रोज सवयीनं पाटी पुसत होती. मीठ, तेल हातानं डबे चाचपून आणत होती. आणि आंधळेपण तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी वाचायचं थांबले. आई पदरानं डोळे पुसत होती. मग एकदम चिडली.

"सांगाले काय झालं होतं तिले? जीभ झडली होती काय?"

दारातून आवाज आला, "अन् लहानीनं? लिहून लिहून ठेवते. एकडाव तोंडानं बोलाचं नाही काय?"

"मोठीनं आधी बोलावं," आई म्हणाली.

"काऊन? मोठी झाली म्हणून तिनंच दर खेपी वाकावं काय?"

"वाका कोण म्हणते बाई? दिसत नाही, एवढं तं सांगा!"

"तुले काय समजते मोठेपण!"

दोघी भांडत होत्या, अगदी समोरासमोर. किती वर्षांनी एकमेकींना 'बाई' आणि 'तू' म्हणत होत्या. मी पानं छातीशी धरून ऐकत बसले. समुद्रापलीकडची, आमचं गाव नकाशातही न पाहिलेली एक बाई, तिनं हे केलं होतं.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "हे तिला कळायला पाहिजे." त्यांनी इंग्रजीत मजकूर सांगितला, मी टाइप केला, आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवला. भाषांतराची परवानगीही मागितली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. वर बाईंच्या हातची उभी अक्षरं, खाली कोणी करून दिलेलं इंग्रजी. परवानगी होती. बाईंनी लिहिलं होतं की आधी त्यांनी थोरलीला दोषी ठरवलं आणि लिहिलेलं सगळं फाडलं, मग धाकटीला दोषी ठरवलं आणि तेही फाडलं. नऊ वर्षं त्यातच गेली. वांकिडीच्या दोघींना त्यांनी नमस्कार कळवला होता.

मी घरी ते पत्र वाचून दाखवलं.

"नऊ वर्सं?" आई म्हणाली. "एका भांडणासाठी?"

"आपल्याले अकरा लागले," मोठीआई बोलली, आणि दोघी हसल्या.

पुस्तक छापलं गेलं नाही. दोन प्रकाशकांनी परत पाठवलं. कार्बनची प्रत मात्र आदिलाबादच्या मराठी घरांत फिरत राहिली. परत आली तेव्हा पानांवर हळदीचे डाग होते, आणि माझे राहून गेलेले ळ कोणीतरी नीट दुरुस्त केले होते.

सरांनी मग नावाड्याची कादंबरी घेतली, ती दोन वर्षांत झाली. टेलिफोनवाल्या बाईची अर्धी झाली असताना ते आजारी पडले, ते उठले नाहीत. त्यांच्या मुलीनं पुस्तक आणि शब्दकोश माझ्याकडे आणून दिले. माझं इंग्रजी कचेरीतल्या पत्रांपुरतं. रोज दुपारी एक ते तीन मी एकेक ओळ लावत बसले. कधी दिवसभरात चार ओळी व्हायच्या, कधी एकही नाही. उरलेल्या नव्वद पानांना मला तीन वर्षं लागली. सरांसारखं झालं नाही, पण पूर्ण झालं.