हाकेचं बिल

सुमन सिस्टर गेल्याचं त्यांच्या लेकीनं, माधुरीनं, मला फोनवर सांगितलं. मी दुकानात उभा होतो, तसाच उभा राहिलो. आदल्या आठवड्यातच त्या बाजारात दिसल्या होत्या, नेहमीसारख्या घाईत. दोन शब्द बोलल्या आणि गर्दीत निघूनही गेल्या... अंगण झाडता झाडता झटका आला म्हणे. आता महिना होत आला, पण मन काही थाऱ्यावर येत नाही.

नव्वदच्या दशकात आखाडा बाळापूरच्या बसस्टँडसमोर माझा एसटीडी बूथ होता. सिस्टर जवळच्या खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स. तिथं फोन नव्हता, म्हणून मोठ्या दवाखान्यात काही विचारायचं तर माझ्याकडे येत. पलीकडून "थांबा, डॉक्टरांना बोलावतो" म्हणत, आणि इकडे मीटरचे लाल आकडे पळत राहत. येरझाऱ्या घालायला जागा नाही, म्हणून सिस्टर काचेच्या दाराआड जागच्या जागी पाय आपटत राहायच्या.

एका दुपारी एक म्हातारी धापा टाकत आली. सून अडली होती. सिस्टर सुनेजवळ थांबल्या होत्या आणि गाडी बोलवायला हिला पाठवलं होतं. पदराच्या गाठीतले पैसे तिनं आधीच माझ्यापुढे ठेवले. पलीकडे डॉक्टरांना बोलवायला कुणीतरी गेलं, आणि मीटर तेवढ्या पैशांपाशी येऊन पोचलं. "बोल माय, पैशाचं बघू," असं मी म्हणायच्या आत तिनं घाबरून फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर लाइनच मिळेना. सून वाचली, लेकरू गेलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. "भाऊ, घर पेटलं तर माणूस हाक मारतो. त्या हाकेचं बी बिल लागतं का कुठं?"

तेव्हापासून त्यांनी एकच धरलं: दवाखान्याला फुकट लागणारा नंबर पाहिजे, निदान लोकल कॉलच्या दरात तरी. ड्यूटी संपली की मिळेल त्या जीपनं गावोगाव जाऊन सह्या गोळा करत. माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हणालो, माझं पोट कॉलवरच आहे. त्या म्हणाल्या, लोक माहेरी करतील, पुण्याच्या पोराला करतील, दवाखान्याचा तेवढा सोडा. मी सही केली. एकदा मला सोबत घेऊन टेलिफोनच्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. फुकट केलं तर लोक उगाच फोन करतील, असं साहेबांचं म्हणणं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बाळंतीण अडल्याबिगर दवाखान्याला कोण फोन करतं?" साहेबांनी दुसऱ्या ऑफिसकडे बोट दाखवलं. सिस्टर त्याच पावली तिकडे निघाल्या. चहासुद्धा घेऊ दिला नाही मला.

हिंगोली जिल्हा झाला, साहेब बदलले, मोबाईल आले, माझ्या बूथचं रिचार्जचं दुकान झालं, आणि मग कुठं तो नंबर आला. सिस्टरांच्या अर्जांमुळे आला की तसाही येणारच होता, कोण सांगणार... मी पेढे आणले. त्यांनी पेढा हातातच धरला आणि मोबाईलवरून नंबर लावून बघितला. लागेना. तो फक्त तारेच्या साध्या फोनवरून लागायचा. पेढा तसाच खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. पुढं तेही झालं, पण किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा माधुरीनं एक गोष्ट सांगितली. रिटायर झाल्यावरही आई रोज सकाळी चहाच्या आधी तो नंबर लावायची, पलीकडून आवाज आला की "उचलता का, ते बघत होते" एवढं बोलून ठेवून द्यायची.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, चहा आला. तो तसाच ठेवून मी नंबर लावला. एका मुलीनं उचलला.

"बोला, काय तकलीफ आहे?"

"तकलीफ न्हाई," मी म्हणालो. "उचलता का, ते बघून राहिलो."

तिनं हळूच विचारलं, "सिस्टर बऱ्या आहेत ना? लई दिवस झाले, त्यांचा फोन न्हाई."