बॉलची सुट्टी

जुन्या कोचना काढलं, ही बातमी मला लाँड्रीवाल्याकडून कळली. "ताई, सरांचा ट्रॅकसूट इस्त्री करून ठेवलाय, आता द्यायचा कुणाला?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, सरांनाच दे की, आणि कुणाला? तर म्हणाला, "अहो, सर कालच परत गेले ना गावाला. त्यांना काढलं. तुम्हाला माहीत नाही?" मला माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये काम करणाऱ्या बाईला कोण कशाला सांगतंय! कोच जातो तेव्हा पेपरात त्याचा फोटो येतो, मॅनेजर दोन बरे शब्द बोलतो, आणि धुवायला टाकलेले त्याचे मोजे आमच्याकडे राहतात.

मी तेव्हा देशाच्या महिला फुटबॉल संघाचं किट सांभाळायचे. शिबिरं बहुतेक पुण्यातच व्हायची, आणि वारज्याहून स्टेडियमला स्कूटरवर जाणं मला सोयीचं होतं. जर्सी, बूट, बॉल, पंप, कोन, शिट्ट्या, सगळं माझ्या ताब्यात. दौरा असला की बॅगा मी भरायचे आणि बॅगांबरोबर मीही जायचे.

स्वतः मी राज्याच्या संघापर्यंत खेळले. देशाच्या निवड चाचणीला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. निळी जर्सी अंगावर चढली नाही ती नाहीच. पुढे किटचं काम मिळालं आणि ती जर्सी निदान हातात तरी आली. कुणी म्हणेल, धुणं-घड्या करायच्या त्यात काय मोठं? म्हणू दे. माझा जीव होता त्या कामावर.

नवीन कोच युरोपातून येणार होत्या. बाई होत्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना आधीपासून 'बाई'च म्हणायला लागलो. फिजिओनं सांगितलं की नवीन कोच आपली माणसं बरोबर घेऊन येतात, जुन्यांपैकी कोण राहील सांगता येत नाही. थोड्याच दिवसांत टीम परदेशात स्पर्धेला जाणार होती. त्या दौऱ्यावर मी जाणार की नाही, टीममध्ये राहणार की नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात घोळत होतं. भाजीत मीठ घालायला विसरत होते, इतकं.

घरी हे म्हणाले, "नवी सून आली की आधी स्वयंपाकघरातले डबे हलवते. तू कुठल्या फळीवर आहेस ते बघून ठेव."

"धीर द्यायची पद्धत छान आहे हं तुमची," मी म्हटलं.

"धीर हवा होता होय? मला वाटलं, मत विचारतेयस."

आमच्याकडे असंच चालतं.

आता इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते लेथ स्वच्छ पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे. आम्हा भावंडांना बरोबर न्यायचे, पेढे मिळायचे. एकदा पूजा झाली की मशीनला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी नारळ फोडायचा आणि मगच बटण दाबायचं. मी एकदा विचारलं होतं, असं का? तर म्हणाले, "वर्षभर आपण त्याला राबवतो. एक दिवस बसू दे की त्याला." मी फार देवदेव करणारी नाही, चतुर्थीसुद्धा माझ्या लक्षात राहत नाही. पण ही गोष्ट मला पटली होती. म्हणून स्टोअर माझ्याकडे आल्यापासून खंडेनवमीला मी बॉलची पूजा करायचे. सगळे बॉल पुसून चटईवर ओळीनं मांडायचे, शेजारी पंप, शिट्ट्या, कोन. जुन्या सरांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते मुलींना जिममध्ये पाठवायचे आणि स्वतः पेढे खायला स्टोअरमध्ये यायचे.

त्या वर्षी नवीन बाई दसरा झाल्यावर येणार असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणून मी निवांत पूजा मांडली. उदबत्ती लावून झाली, मी पेढ्यांचा पुडा सोडतच होते, तेवढ्यात मॅनेजर धावत आले. बाई ठरल्यापेक्षा लवकर पुण्यात उतरल्या होत्या आणि हॉटेलात बॅग टाकून थेट मैदानावर आल्या होत्या.

"बॉल काढा पटकन. बाई मैदानात उभ्या आहेत."

"आज नाही निघणार."

"म्हणजे?"

"म्हणजे आज नाही निघणार. मराठीतच बोलतेय मी."

"अहो, पहिला दिवस आहे त्यांचा! दोन-चार पुसून द्या ना. देवाला काय कळतंय?"

"देवाला नसेल कळत. मला कळतंय."

मॅनेजर तसे वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "कोण राहणार, कोण जाणार, ते ह्याच आठवड्यात ठरतंय. तुमच्या नोकरीचं तरी बघा."

खरं सांगते, हात पुढेही गेला होता माझा. म्हटलं, जाऊ दे, चार बॉल पुसू, कोण बघतंय? पण वडिलांनी साहेबाच्या सांगण्यावरूनही कधी त्या दिवशी बटण दाबलं नव्हतं, आणि मी नोकरीच्या भीतीनं बॉल पुसायला निघाले होते. माझा मलाच राग आला. मी हात मागे घेतला आणि दारात जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात बाई स्वतःच आल्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. दारातून त्यांनी आत बघितलं. सगळे बॉल हळदकुंकू लावून ओळीत बसलेले. पंपाच्या नळीला झेंडू. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरनी माझ्याकडे.

माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. मी म्हटलं, "टुडे नो बॉल. एव्हरी डे बॉल वर्क. टुडे बॉल रेस्ट."

"ऑल?" त्यांनी विचारलं.

"ऑल. पंप ऑल्सो."

"टुमॉरो?"

"टुमॉरो मॉर्निंग. फर्स्ट कोकोनट, देन बॉल."

बाईंनी पुन्हा एकदा त्या ओळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ओके," आणि मागे वळून मैदानाकडे चालू लागल्या. मॅनेजरनी कपाळाला हात लावला. पेढा दिला तर घेतलासुद्धा नाही.

त्यानंतर जे झालं ते मी स्टोअरच्या दारातून बघितलं. बाईंनी मुलींना आपापल्या जागेवर उभं केलं आणि एक हात वर करून सांगितलं की आज बॉल मीच. आणि पळायला लागल्या! डावीकडे पळाल्या की सगळ्या मुलींनी डावीकडे सरकायचं, मागे फिरल्या की आपापली जागा धरायची. पहिल्यांदा मुली खोखो हसत होत्या. गोलकीपर आमची भारी वात्रट, तिनं तर बाईंना कमरेला मिठी मारून अडवलंच. पण थोड्या वेळानं हसणं थांबलं. पायात बॉल नाही म्हटल्यावर मुली एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. एरवी प्रत्येकीची नजर बॉलवर असते, शेजारची कुठे उभी आहे ते कळत नाही. बाई घामाघूम झाल्या होत्या, पण खूश दिसत होत्या.

दसऱ्याला सकाळी मी नारळ फोडला, पहिला बॉल बाईंच्या हातात दिला आणि आपट्याची पानंही दिली. "गोल्ड," मी म्हटलं. त्यांनी ती जॅकेटच्या खिशात ठेवली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "हलला नाही हो डबा. फळीवरच आहे."

"बघू," हे म्हणाले.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत मॅनेजरनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. खुर्ची आणि चहा दोन्ही आले तेव्हाच मी काय ते समजले. बाईंच्या आधीच्या टीममधली किटवाली येणार होती. बाईंच्या करारातच तसं होतं.

"त्या दिवशीच्या पूजेमुळे का?" मी विचारलं.

"छे हो! त्याचा काही संबंध नाही. बाई यायच्या आधीच ठरलेलं होतं सगळं, मलाही आत्ताच कळलं."

ह्याचा मला जास्त राग आला. पूजेमुळे काढलं असतं तर मान ताठ ठेवून सांगितलं असतं चारचौघांत. पण माझा त्या दिवशीचा सगळा बाणेदारपणा जमेतच धरला नव्हता कुणी. मी बॉल काढून दिले असते तरी गेले असते आणि नाही दिले तरी गेलेच. मी चहा न पिता उठले आणि स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, जरा आपटूनच. निघताना बाई भेटल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून त्या काहीतरी बरंच बोलल्या. मला त्यातलं "सॉरी" तेवढं कळलं.

टीम स्पर्धेला गेली. मी सामने घरी टीव्हीवर बघितले आणि मुलींच्या मोज्यांकडेच बघत बसले. टीम बरी खेळली, आधीपेक्षा पुष्कळच बरी. एका सामन्यानंतर जाणकार म्हणून बसवलेले एक गृहस्थ सांगायला लागले की ह्या कोच आठवड्यातून एकदा बिनबॉलचा सराव घेतात, ही युरोपातली आधुनिक शास्त्रीय पद्धत आहे, त्यामुळेच मुली जागा सोडत नाहीत. हातातलं वाटाण्याचं सूप ह्यांच्या अंगावर सांडायचंच बाकी होतं.

"अभिनंदन," हे म्हणाले. "तुझी हळद परदेशी जाऊन शास्त्रीय होऊन आली."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. रडू जास्त.

पुढच्या वर्षीपर्यंत मी जवळच्या एका शाळेत खेळाच्या तासाला लागले होते. पण लंगडी आणि लेझीम, फुटबॉल नाही. खंडेनवमीला सकाळी मी ओट्याजवळ चटई टाकून पूजा मांडली. विळी, शिलाई मशीन, ह्यांचा पाना-पक्कड. खाली पार्किंगमध्ये ह्यांच्या स्कूटरला माळ घालून आले. तेवढ्यात फोन वाजला. आमची वात्रट गोलकीपर. टीमचं शिबिर त्या वेळी दुसऱ्या राज्यात होतं आणि तिनं व्हिडिओ कॉल लावला होता.

"दीदी, आधी हळद की आधी कुंकू?" तिनं हिंदीत विचारलं. "इथे कुणालाच माहीत नाही. बाई म्हणतायत, तुम्हाला विचारल्याशिवाय लावायचं नाही."

तिनं फोन फिरवून दाखवलं. बॉल ओळीत मांडले होते. नवी किटवाली, गोरीपान पोरगी, हातात झेंडूचा ढीग घेऊन वेंधळ्यासारखी उभी होती. माझं डोकं फिरलं.

"माणूस नको, हळद तेवढी हवी होय तुम्हाला!" मी मोठ्यांदा मराठीतच म्हटलं. गोलकीपरला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तिचं तोंड एवढंसं झालेलं बघून माझा राग ओसरला. तिचा काय दोष? मग मी सगळं नीट सांगितलं. आधी कोरड्या फडक्यानं पूस, मग हळद, मग कुंकू. पंप विसरू नको. शिट्ट्याही ठेव.

मागून बाई आल्या. फोनमध्ये डोकावून त्यांनी हात हलवला आणि माझ्याच चालीत म्हणाल्या, "टुमॉरो मॉर्निंग. फर्स्ट कोकोनट, देन बॉल."

"यस," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

फोन ठेवला आणि चटईकडे बघितलं. विळी, मशीन, पाना, पक्कड. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पूजेत बॉल नव्हता. तिकडे सगळा देशाचा माल माझ्या सांगण्यावरून हळदकुंकू लावून बसला होता आणि माझ्याकडे एक बॉल नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच खाली बसले. उदबत्तीसुद्धा लावली नाही.

हे सोफ्यावर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून बसले होते, ऐकलं सगळं होतं. उठले आणि चपला घालायला लागले.

"कुठे निघालात?"

"आलोच."

"स्कूटर नेऊ नका, पूजा केलीय तिची."

"दिसतंय मला. चालतच जातोय."

बऱ्याच वेळानं परत आले. उन्हानं तोंड लाल झालेलं. पिशवीतून त्यांनी एक बॉल काढला. लहान पोरांचा, रबरी, गुलाबी रंगाचा, त्यावर कसलंसं सशाचं चित्र.

"भारताचा नव्हता त्यांच्याकडे," हे म्हणाले. "चार दुकानं फिरलो. घे, आधी हळद ना?"

मी हळद लावली, कुंकू लावलं. थोडं सशाच्या नाकालाही लागलं. मी रडत होते आणि हे उदबत्तीसाठी काडेपेटी शोधत होते, आमच्या घरात ती कधीच जागेवर नसते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी नारळ फोडला, बॉल घेतला आणि आम्ही दोघं सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. वरच्या मजल्यावरून लोक बघत होते. बघू दे म्हटलं. मी एका बाजूला उभी राहिले, हे दुसऱ्या बाजूला, लेंगा वर खोचून.

ह्यांना एक पास धड देता येत नाही.