पायाळू बाई आणि माझं पडणं

दवाखान्यात गेलं की माणूस डॉक्टरच्या पाया पडायच्या तयारीत असतो. आरमोरीच्या आमच्या बाईंकडे उलटा प्रकार होता. लोक त्यांच्याकडे पाठ करून बसत आणि त्यांनीच पाय लावावा म्हणून हट्ट धरत. बाई पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडे अजून मानतात. पुढं बाई नागपूरला शिकून फिजिओथेरपिस्ट झाल्या, बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्यांत त्यांनी दवाखाना टाकला आणि भिंतीवर मणक्याचं मोठं चित्र लावलं. धानाच्या रोवणीनं कंबर धरलेले लोक त्या चित्राकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांना बाईंचा पायच हवा असे.

दुसऱ्या कुणी चिडून दारावर पाटी लावली असती. बाईंनी सौदा केला. पाय लावीन, पण आधी मला हातानं तपासू द्या आणि सांगते तो व्यायाम आठ दिवस करा, असं त्या सांगत. आठ दिवसांनी पेशंट दुखणं गेल्याचं सांगायला येई आणि तरीही पाय लावून घेतल्याशिवाय उठत नसे. मग बाई चप्पल काढून अलगद पाय टेकवत आणि श्रेय पायाला देऊन टाकत. मानेच्या बाबतीत मात्र सौदा नव्हता. कुणी कितीही गयावया केली तरी त्या मानेला पाय लावत नसत.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. त्या साली माझी बापाची भूमिका गाजत होती. तिसऱ्या अंकात पोराच्या मरणाची बातमी येते आणि मी उभ्याचा आडवा होई, तोडलेल्या झाडासारखा. लोक त्या पडण्यासाठी येत. पोस्टरवरसुद्धा मी पडलेलाच असे. तेव्हा स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं, आणि आजही ते फारसं उतरलेलं नाही.

हंगामाच्या तोंडावर वडशाहून तालमीला येताना रस्त्यात गुरं आडवी आली म्हणून मी गाडी थांबवली आणि मागून एक पिकअप येऊन धडकली. बंपर आत गेला. मला खरचटलंसुद्धा नाही. पिकअपवाल्याशी आधी भांडलो, मग त्याच्याबरोबरच चहा प्यायलो आणि तालमीत जाऊन रोजच्यासारखा पडलोही. दुसऱ्या दिवशी मान जरा जड वाटली. तिसऱ्या दिवशी दात घासताना चूळ भरायला मान वर होईना. डोक्याच्या मागून कळ निघून कपाळापर्यंत येई आणि हाक मारली तर मला अख्खं अंग वळवावं लागे. घरात सगळ्यांनी उशीवर खापर फोडलं. नाटक कंपनीतल्या लोकांनी नजर लागल्याचं ठरवलं. आमचा सलूनवाला म्हणाला की दाढी करून घ्या, एका झटक्यात मान मोडून देतो. दाढी केली की तो डोकं धरून दोन्हीकडे कटकट आवाज काढतो आणि गिऱ्हाईक खुशीत उठतं. मी निघालोही होतो. बायकोनं वाटेतच वळवलं आणि बाईंचा पाय लावून घ्यायला नेलं.

बाईंनी मला दारातून आत येताना पाहिलं आणि बसायच्या आधीच विचारलं, या चार-पाच दिवसांत गाडीला कुठं धक्का लागला का? मी म्हणालो, "लागला ना जी, पण गाडीले लागला. मले काहीच नाई झालं."

"मंग गाडीत कोण होतं, भाऊ?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मागून धक्का बसला की धड पुढं जातं, डोकं मागं राहतं आणि मग झटक्यानं पुढं येतं. आतले स्नायू तेव्हाच ताणले जातात, पण सूज चढायला वेळ लागतो, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं आणि माणूस उशीला दोष देत बसतो. सांगताना त्यांचे हात चालूच होते. माझ्याकडून त्यांनी मुठी दाबून घेतल्या, बोटांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, ते विचारलं. यातलं काही नव्हतं. तरी मणक्याच्या एका जागी बोट ठेवल्यावर मी कळवळलो, तेव्हा शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून आणेपर्यंत त्यांनी मानेला पुन्हा हात लावला नाही. सलूनवाल्याचं ऐकल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. ताणलेल्या मानेला झटका देणं म्हणजे हातपाय गमावायची तयारी ठेवणं, असं त्यांनी बायकोलाच बजावलं, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

हाडं शाबूत निघाली. मला वाटलं, आता मानेला पट्टा मिळेल आणि तो घालून मी गावात मिरवीन. बाईंनी पट्टा दिला नाही. "पट्टा घालून बसले का मान आळशी होते," त्या म्हणत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, गरम पाण्याचा शेक, आणि दिवसातून अनेकदा मान हळू हळू दोन्हीकडे वळवायची, दुखेल तिथं थांबायचं. अंथरुणावर लोळायला बंदी, चालायला मुभा. पहिला आठवडा मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात मी गाडी मागं घेताना मान वळवून पाहिलं आणि ते माझं मलाच नंतर कळलं.

खरा पेच पुढं होता. बाईंनी प्रयोगाला परवानगी दिली, पण हंगामभर पडायचं नाही असं सांगितलं. आमच्या निर्मात्यानं तोवर दुसरा नट पाहून ठेवला होता, चांगला धडधाकट आणि पडायला तयार. मी बाईंपुढं हात जोडले. भूमिका गेली तर माझं काय राहिलं, असं मला खरंच वाटत होतं. "पब्लिक पडण्यासाठीच येते, बाई," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "पोरगा गेल्याचं ऐकून बाप पडतेच काय जी? माझा भाऊ गेला तवा माझा बाप नाई पडला. आंगणात उभा होता. लोकं घरी गेले तरी उभाच होता."

मी निर्मात्याला सांगितलं की पहिला प्रयोग मी करतो, लोक उठून गेले तर भूमिका त्या दुसऱ्या नटाची. प्रयोग आरमोरीजवळच्याच एका गावात होता. बातमी आली आणि मी उभा राहिलो. हात कुठं ठेवावे तेही सुचेना. एवढ्या मोठ्या मंडपात कुणी खोकलं नाही, आणि मग बायांच्या बाजूनं हुंदके ऐकू येऊ लागले. प्रयोग संपल्यावर बाई रंगपटात आल्या, मानेवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "मले रडू आलं, भाऊ. पण ध्यान तुमच्या मानीवरच होतं." भूमिका माझ्याकडेच राहिली, आणि पोस्टरवर मी उभा झालो.

त्यानंतर आमच्या कंपनीत कुणाच्या गाडीला धक्का लागला की मी त्याला सलूनकडे फिरकू देत नाही, बाईंकडे नेतो. नेत होतो, असं म्हणायला हवं. गेल्या वर्षी ऐन मंडईच्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यानं बाई गेल्या. निरोप आला तेव्हा माझ्या चेहऱ्याला रंग लागलेला होता आणि मंडप भरलेला होता. तिसऱ्या अंकात पोराच्या मरणाची ती बातमी आली. मान कधीच बरी झाली होती, अडवायलाही आता कुणी नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला खरोखर पडावंसं वाटलं. मी उभा राहिलो.