मी अर्ज केलेला रस्ता

रस्ता गावाला जगाशी जोडतो, असं वाक्य मी त्या अर्जात घातलं होतं. आमच्या दीड किलोमीटरच्या खडीच्या रस्त्याला राज्यमार्गाचा दर्जा मिळावा, म्हणून गावाने माझ्याकडून तो लिहून घेतला. दर्जा मिळाला, डांबर पडलं, फीत कापायला तीन पुढारी आले. मग जगही आलं. ते रोज सकाळी आठपासून पेणच्या हमरस्त्यावरची गर्दी चुकवत आमच्या दारावरून जातं. थांबत मात्र नाही.

समोरच्या घरात माझी काकी एकटी राहायची. झाकलेल्या वाटीत कालवण घेऊन ती रोज सकाळी अनवाणी आमच्याकडे यायची. गाड्या सुरू झाल्या आणि तिचं येणं थांबलं. एकदा ओट्यावरूनच ओरडली, "अरं बाला, तुझ्या रस्त्यानं मला घरात कोंडलं. आता तूच येत जा!"

"रविवारी येतो, काकी," मी गाडीतूनच म्हणालो. असे बरेच रविवार गेले. शेवटी तिची मुलगी तिला माणगावला घेऊन गेली. तिथेच ती वारली.

तिच्या दाराला आता कुलूप आहे. मी अजून त्याच रस्त्याने कामावर जातो. सात मिनिटं वाचतात.