आईच्या गुडघ्यातली पट्टी

आधीच सांगतो, देवस्की, भुतंखेतं यातलं काही मी मानत नाही. आजही नाही. इथले बाकीचे अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात शंका काढत बसतो. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही... आणि तो राग भुताखेतांवर नाही, एका चांगल्या शिकलेल्या माणसावर आहे.

आम्ही ठाण्याचे, चेंदणी कोळीवाड्यातले. मी तेव्हा कोर्टात टायपिस्ट होतो. आई बाजारात मासळी विकायची. ऐंशीचं दशक संपत आलेलं. एक दिवस बर्फाच्या पाण्यावरून ती घसरली आणि उजव्या गुडघ्याच्या अगदी खाली हाड मोडलं. स्टेशनजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात — नाव मुद्दाम लिहीत नाही — ऑपरेशन झालं. स्टीलची पट्टी आणि सहा स्क्रू. खोटं कशाला बोलू, डॉक्टरांनी काम चोख केलेलं. तीन महिने पाय टेकायचा नव्हता, मग वॉकर, मग काठी. वर्षभरात आई पुन्हा बाजारात जायला लागली. फक्त मांडी घालता येईना, पट्टी आतून टोचायची. कातडीवरून बोट फिरवलं की स्क्रूची डोकी हाताला लागायची.

"हाड जुळलंय. पट्टी काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे," डॉक्टर म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सकाळी त्यांच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढला. ओली फिल्म मी खिडकीशी धरून बघितली. पट्टी होती. सहाही स्क्रू मी मोजले. कोपऱ्यात आईचं नाव, त्याच दिवसाची तारीख. अकरा वाजता तिला आत नेलं.

दोन वाजले तरी दार उघडेना. मध्येच सिस्टर घाईघाईने आली आणि माझ्या हातातली फिल्म घेऊन आत गेली. शेवटी डॉक्टर बाहेर आले. "झालं. पट्टी काढली," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता केबिनमध्ये शिरले.

आईला कमरेत इंजेक्शन दिलेलं. म्हणजे पाय बधिर, बाकी ती टक्क जागी. वॉर्डात आणल्यावर तिने माझा हात धरला.

"बाला, त्यांना काय गावलाच नाय."

"कोण म्हणालं?"

"डाक्टरच बोलला, हितं तं काहीच नाय. मंग दुसऱ्या डाक्टरला बोलावला. त्यानं पन बघितला. मंग फोटू मागवला... नि दोघं पन गप झाली."

मी केबिनमध्ये गेलो. काढलेली पट्टी त्या हॉस्पिटलात डबीत घालून पेशंटला द्यायचे, म्हणून ती मागितली.

"टाकून दिली," डॉक्टर म्हणाले.

"आई म्हणते, आत काही सापडलंच नाही."

"भुलीत पेशंटला भास होतात."

"भूल फक्त पायाला होती ना, सर?"

तेव्हा त्यांचा आवाज चढला. "तुम्हा लोकांचं हेच असतं. पाय बरा केला त्याचं काही नाही, आता देवस्कीच्या गोष्टी पसरवा."

तो शब्द त्यांनी काढला, आम्ही नाही. सकाळची फिल्म मागितली, तर ती म्हणे खराब झाली. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर मात्र व्यवस्थित टाइप केलेलं — पट्टी व सहा स्क्रू काढले. खाली पेशंटचा अंगठा हवा होता.

"मी खोट्यावर आंगठा नाय देनार," आई म्हणाली.

तासभर आम्हाला बसवून ठेवलं. शेवटी मी सही केली. दिवसभर कोर्टात दुसऱ्यांचे जबाब टाइप करणारा मी... आईला खोटं पाडणाऱ्या कागदावर सही करून मोकळा झालो. रिक्षात आई माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसली.

बाराव्या दिवशी मी तिला कल्याणला एका म्हाताऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. शहाडला माझी बहीण असते, तिच्या ओळखीचे. त्यांनी टाके काढले, नवा एक्स-रे काढला आणि पहिल्या ऑपरेशननंतरची आमच्याकडची जुनी फिल्म शेजारी लावली. पट्टी नव्हतीच. पण स्क्रूची भोकंही नव्हती.

"स्क्रू काढले की भोकं भरायला महिने लागतात," ते म्हणाले. "आणि इथे तर हाड मोडल्याची खूणसुद्धा नाही." त्यांनी आईचा पाय पुन्हा तपासला, दोन्ही व्रण बघितले, एक जुना, एक ताजा. फिल्मवरची नावं वाचली.

"आजी, हे कसं झालं ते मला माहीत नाही," म्हणाले. केसपेपरवरही तसंच लिहिलं आणि खाली सही केली. आईने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"ह्यो डाक्टर बरा हाय," ती म्हणाली. मी ती सही केल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

त्यानंतर शेवटपर्यंत तिचा गुडघा कधी दुखला नाही. अदलाबदल झाली असेल, असं सगळे सुचवतात. कशाची? फिल्मची होईल, पायाची कशी होईल?

ती पट्टी कुठे गेली, मला माहीत नाही. हे म्हणायला मला काही जड जात नाही. ठाण्याच्या त्या डॉक्टरांना इतकं जड का गेलं, तेही मला अजून कळलेलं नाही.