बॉनेटवरचं कुंकू

आमच्या घरात एकशे बारा गाड्या आहेत आणि त्यातली एकही आम्हाला सात रस्त्याच्या चौकापर्यंत नेऊ शकत नाही. तिथं जायचं तर रिक्षाच. सगळ्या गाड्या वीतभर लांबीच्या, जुन्या काळातल्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती, एक सोडून सगळ्या काचेच्या कपाटात मांडलेल्या. ते कपाट आधी माझ्या साड्यांचं होतं. साड्या आता पलंगाखालच्या ट्रंकेत असतात, कारण साड्यांना म्हणे धूळ चालते. हे सगळं वैभव आमच्या ह्यांचं. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि लोक काशीला जातात तसे हे मोटारींकडे गेले. खरी गाडी ह्यांना चालवता येत नाही. एकदा शिकायला गेले होते, तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानंच हात जोडले.

हे गाड्या नुसत्या विकत आणत नाहीत, जोडतात. परदेशातून खोका येतो, त्यात प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेले शे-दीडशे तुकडे. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिमट्यानं धरून चिकटवायचे. रंगावर धूळ बसू नये म्हणून हे खिडक्या लावून पंखा बंद करतात. तेही मे महिन्यात, सोलापुरात. आमच्याकडे आधी माणसं वाळतात, मग रंग वाळतो. काही बोलायला गेलं की म्हणतात, तुला यातलं कळत नाही. खरं आहे. चार बोटांच्या सीटसाठी बायकोची चांगली चामड्याची पर्स का कापावी, हे मला अजून कळलेलं नाही.

माझे वडील, आमचे अण्णा, एका गिरणीमालकाकडे ड्रायव्हर होते. मोहोळजवळच्या खेड्यातला माणूस, बैलगाडीवरून उतरला तो थेट विलायती मोटारीत बसला. लांब नाकाची, सायीच्या रंगाची गाडी. कंपनीचं नाव मी घेणार नाही. आमच्या घरात ते दिवसातून चाळीस वेळा घेतलं जातं, तेवढं पुरे. बावीस वर्षं अण्णांनी ती गाडी चालवली. मग गिरणी बंद पडली. मालक कुठं गेले, गाडी कुठं गेली, हे अण्णांना सांगायची कुणाला गरज वाटली नाही. आमच्याकडे त्या गाडीचा एकच फोटो आहे. त्यात मालकांचं अख्खं कुटुंब आहे, कुत्र्यासकट. अण्णांना फोटोच्या वेळी जरा बाजूला व्हा म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना काचबिंदू निघाला आणि ते आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालायचे आणि उरलेली टिकेल तेवढी टिकवायची. घरी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले की, नजर जायच्या आत ती गाडी एकदा बघायची होती. पोरीचं तोंड नाही, नातवंडं नाहीत, गाडी. मला रागही आला आणि हसूही. मग ह्यांना म्हटलं, एकशे अकरा केल्यात बिनकामाच्या, आता एक कामाची करा की.

खोटं कशाला बोलू, हे लगेच हो म्हणाले. खोकाही मागवला. पण ह्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, त्यात साठी उलटलेले बाप्ये सकाळी उठून एकमेकांना गाड्यांचे फोटो पाठवतात. तिथं कुणीतरी पुण्यातल्या प्रदर्शनाचं काढलं. झालं! अण्णांची गाडी राहिली बाजूला आणि त्याच खोक्यातून प्रदर्शनाची गाडी सुरू झाली. मूळ रंगाची बाटली मिळेना, त्यात चार महिने गेले. मिळाली ती जरा पिवळट निघाली म्हणून परत गेली. चाकांच्या तारा जाड दिसतात म्हणून चाकं तीनदा बदलली. इकडे मी सकाळ-संध्याकाळ अण्णांच्या डोळ्यांत थेंब घालत होते आणि किती दिसतं ते विचारत होते. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसायचे, मग नुसतं कॅलेंडर. ह्यांना सांगितलं की म्हणायचे, घाईत केलेल्या कामाला काम म्हणत नाहीत. मी तेव्हा कडाकडा भांडायला हवं होतं. नुसते टोमणे मारत बसले, आणि टोमण्यांची ह्यांना चौतीस वर्षांची सवय आहे.

श्रावणात एकदाची गाडी झाली. अण्णांना तोवर डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून थोडं दिसत होतं. ते खिडकीत बसले, मान तिरकी करून, गाडी नाकाला लावून बराच वेळ बघत राहिले. हे बक्षीस समारंभाला उभं राहावं तसे समोर उभे.

"गाडी झ्याक हाय, पाव्हणं," अण्णा म्हणाले. "पण ही आमची न्हाय."

ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. लगेच कंपनीच्या माहितीपत्रकाचे छापील कागद आले, मोबाइलवरचे फोटो आले, आणि ज्या माणसानं बावीस वर्षं ती गाडी पुसली त्याला हे तिच्या दाराची मूठ कशी होती ते वाचून दाखवायला लागले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ड्रायव्हरला ऐकून घ्यायची सवय असते. मग म्हणाले, बॉनेटवरचा डाग कुठाय? दर खंडेनवमीला अण्णा तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढायचे. पहिल्या वर्षी त्याचा डाग पडला. मालकांनी सगळ्यांदेखत अडाणी म्हटलं आणि दोन दिवस डाग घासायला लावलं. तो फिकट झाला, पण गेला नाही. पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी पुन्हा तिथंच स्वस्तिक काढलं. उभ्या जन्मात अण्णांनी मालकांचं ऐकलं नाही ते एवढंच.

ह्यांनी समजावलं की डाग म्हणजे दोष, परीक्षक त्याचे गुण कापतात. गाडी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

नवरात्र बसेपर्यंत अण्णांना कॅलेंडरच काय, भिंतही दिसेनाशी झाली. प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या रविवारी होतं. खंडेनवमीला मी विळी, कात्री आणि दारातली स्कूटर पुजली. टोमणा म्हणून ह्यांचा चिमटाही पाटावर ठेवला. अण्णा बाहेर खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, गाडीची पूजा झाली का? ह्यांनी मला डोळ्यांनीच नको नको केलं. त्या डोळ्यांचं मी लई वर्षं ऐकलं होतं. कपाट मुळात माझं, त्याची दुसरी किल्ली माझ्याकडेच होती. मी गाडी काढून अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी त्यांच्या हाताशी दिली.

अण्णांनी डाव्या हातानं गाडी चाचपली, पुढचे दिवे, मग बॉनेटची कड. उजव्या हाताच्या बोटाला जागा शोधावी लागली नाही. एवढ्याशा बॉनेटवर स्वस्तिक कुठलं मावतंय, एक लाल फराटा उमटला आणि तेल दारापर्यंत ओघळलं. अण्णांनी गाडी सवयीनं नाकाला लावली. दिसत तर काहीच नव्हतं.

"आता आली आमची गाडी," ते म्हणाले. मला रडू आवरलं नाही. दोन महिने आधी एक कुंकवाचं बोट लावलं असतं, तर ते त्यांना दिसलं असतं.

अण्णांनी हात जोडले तशी ह्यांनी गाडी हळूच उचलली, थिनरची बाटली उघडली आणि काडीला कापूस गुंडाळला. थिनरचा वास सुटला. अण्णांचे डोळे गेले होते, नाक नव्हे. उभं आयुष्य गॅरेजच्या दारात काढलेला माणूस, त्याला तो वास सांगावा लागत नाही. त्यांनी मान वळवली, पण ह्यांच्याकडे नाही, ह्यांच्या पलीकडे कुठंतरी.

"पुसू नका, मालक," ते म्हणाले. "पुसलं तर फुडच्या साली मी परत काढीन."

ह्यांना आजवर कुणी मालक म्हटलं नव्हतं. ह्यांनी काडी खाली ठेवली, बाटलीचं झाकण मी लावलं. त्या रविवारी पुण्याला दुसरीच गाडी गेली, बिनडागाची. तिला तिसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्र मी साड्यांच्या ट्रंकेत टाकलंय, आणि अण्णांची गाडी त्यांच्या उशाशी असते.